मोठे पोट, मंद चाल : हार्ड डिस्कच्या निवडीमागचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या ग्रंथालय समितीची बैठक भरली होती. जुन्या ग्रंथांचे आणि मंडळाच्या हस्तलिखित वार्षिकांचे स्कॅनिंग पुन्हा हाती घ्यायचे, तर त्यासाठी हार्ड डिस्क कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न होता. चर्चा तासभर चालली आणि ती सारी एका आकड्याभोवती फिरली : किती टेराबाइटची? कोणी चार म्हणाले, कोणी आठ. एका उत्साही सभासदांनी सोळाचा भाव सांगितला. ती डिस्क नेमके कोणते काम करणार आहे, हे मात्र कोणीच विचारले नाही.

वरच्या मजकुरातील ‘पुन्हा’ या शब्दामागे एक दुखरी आठवण आहे. २००९ च्या सुमारास आम्ही हेच काम एकदा केले होते. परवडेल ती सर्वांत मोठी डिस्क घेतली. तिच्यावरच रोजचे स्कॅनिंग, तिच्यावरच चित्रांची साफसफाई आणि तिच्यावरच कायमचा साठा, असा कारभार दीड वर्ष चालला. एके दिवशी तिने खटखट आवाज केला आणि ती गप्प झाली. दुसरी प्रत नव्हती. मूळ वार्षिके कपाटात होती. पण त्यांतल्या काहींचा कागद इतका ठिसूळ झाला होता की पाने दुसऱ्यांदा उलगडताना त्यांचे तुकडे हातात आले. बृहन्महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांत असे कितीतरी कागद आहेत, की ज्यांची जोडप्रत पुण्यामुंबईतही सापडायची नाही. तेव्हा दोष डिस्कचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. यंत्र विकत घेताना आम्ही त्याचे पोट पाहिले. त्याची चाल आणि त्याचे काम पाहिले नाही. हे दोन गुण सुरुवातीपासून एकमेकांशी कसे भांडत आले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्याचा हा प्रयत्न.

हार्ड डिस्कच्या आधी माहिती ठेवण्याची दोन प्रमुख साधने होती : छिद्रे पाडलेली कार्डे आणि चुंबकीय फीत. फितीचा स्वभाव जुन्या गुंडाळीसारखा असतो. लांबलचक जन्मपत्रिकेच्या शेवटचा मजकूर वाचायचा तर सारी गुंडाळी सोडवत जावे लागते. पोथीचे तसे नाही. हवे ते पान काढावे, वाचावे आणि परत ठेवावे. महिनाअखेरीस सर्व नोकरांचे पगार एका ओळीत काढायचे असतील तर फीत उत्तम काम करी. पण समोर उभ्या असलेल्या एकाच गिऱ्हाइकाच्या खात्यात किती शिल्लक आहे, हे तत्काळ सांगणे तिला जमत नसे. म्हणजे ‘कोणत्या कामासाठी कोणते साधन’ हा प्रश्न हार्ड डिस्कच्या जन्मापूर्वीचाच आहे, आणि त्या प्रश्नातूनच तिचा जन्म झाला.

१९५२ साली आयबीएम कंपनीने कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे एक छोटी प्रयोगशाळा उघडली आणि ती रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाती सोपवली. जॉन्सन पूर्वी मिशिगन राज्यात शाळामास्तर होते. पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. कार्डांच्या ढिगातून हवे ते एकच कार्ड शोधण्याची कटकट कशी टळेल, याचा विचार करता करता त्यांची मंडळी फिरत्या तबकडीपाशी येऊन ठेपली. सप्टेंबर १९५६ मध्ये ‘रॅमॅक’ हे यंत्र जाहीर झाले. त्याच्या साठवण-कक्षात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका उभ्या दांड्यावर रचलेल्या होत्या. त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. सारा कक्ष एक टनाहून अधिक वजनाचा होता आणि त्यात ५० लाख अक्षरे मावत.

हा आकडा आपल्या भाषेत मांडून पाहू. रॅमॅकचे एक अक्षर ६ बिटांचे. म्हणजे त्याची सारी क्षमता आजच्या मापाने पावणेचार मेगाबाइटच्या आसपास. युनिकोडच्या प्रचलित साठवण-पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, मात्रा वा वेलांटी ३ बाइट जागा घेते. या हिशेबाने एक टनाच्या त्या कक्षात तीनशे पानांची दोनच मराठी पुस्तके कशीबशी मावली असती.

तरीही रॅमॅकचे नवेपण त्याच्या पोटात नव्हतेच, ते चालीत होते. एकच भुजा दांड्याला समांतर वरखाली सरके, हव्या त्या तबकडीपाशी थांबे, आत शिरे आणि आपल्या दोन शीर्षांनी मजकूर वाची. या साऱ्या हालचालीला सरासरी ६०० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. आज तो हास्यास्पद वाटेल. पण फितीच्या शेवटापर्यंत जाण्यात मिनिटे घालवणाऱ्या कारकुनाला तो चमत्कारच होता. शीर्ष योग्य जागी नेण्याच्या या वेळाला आपण ‘शोधवेळ’ म्हणू. पुढच्या सर्व इतिहासाची किल्ली या एका शब्दात आहे.

डिस्कची चाल तीन गोष्टींवर ठरते. पहिली शोधवेळ. दुसरी, शीर्ष जागेवर पोहोचल्यावर हवा तो मजकूर फिरत फिरत त्याच्याखाली येईपर्यंतची वाट. ही सरासरीने अर्ध्या फेऱ्याइतकी असते. तिसरी, मजकूर सलग मिळू लागल्यावर तो दर सेकंदाला किती ओतला जातो हा प्रवाहवेग. एका ठिकाणी बसून अखंड वाचणाऱ्याला तिसरी गोष्ट महत्त्वाची. शंभर ठिकाणची एकेक ओळ चाळणाऱ्याला पहिल्या दोन.

पुढच्या पंधरा वर्षांत अभियंत्यांनी शोधवेळेवर हल्ला चढवला. १९६१ च्या ‘१३०१’ या नमुन्यात प्रत्येक पृष्ठासाठी स्वतंत्र शीर्ष आले. सर्व शीर्षे कंगव्याच्या दातांसारखी एकदम आतबाहेर होऊ लागली आणि वरखाली सरकण्याचा वेळ वाचला. फिरत्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावरच ती तरंगू लागली. याच वाटेने टोकाला गेले तर प्रत्येक वर्तुळाकार ट्रॅकसाठीच एकेक शीर्ष बसवावे लागते. मग भुजा हलवण्याची गरजच उरत नाही. आयबीएमने १९७० मध्ये तसेही केले. त्या वर्षीच्या ‘२३०५’ या डिस्कमध्ये शोधवेळ शून्य होती, उरली ती फक्त अर्ध्या फेऱ्याची वाट. तिच्या मोठ्या नमुन्यात सुमारे ११ मेगाबाइट मावत आणि सरासरी ५ मिलिसेकंदांत मजकूर हाती येई. त्याच वर्षी त्याच कंपनीने ‘३३३०’ ही दुसरी डिस्कही जाहीर केली. तिच्या एका चळतीत १०० मेगाबाइट मावत, पण नुसती शोधवेळच ३० मिलिसेकंद होती.

या दोन भावंडांकडे नीट पाहावे. एक चपळ आणि लहान, दुसरे धिमे आणि विशाल. एकाच घराने, एकाच वर्षी दोन्ही बाजारात आणली, कारण गिऱ्हाइकांची कामेच दोन प्रकारची होती. संगणकाला क्षणोक्षणी लागणारा मजकूर पहिल्यावर राही, मोठे साठे दुसऱ्यावर. मोठी आणि जलद अशी एकच डिस्क का केली नाही, याचे उत्तर खर्चात आहे. शेकडो शीर्षांची किंमत कोणाला परवडणार?

१९७३ मध्ये ‘३३४०’ आली. तिच्या आराखड्यात ३० मेगाबाइटचे दोन भाग होते. ‘थर्टी-थर्टी’ हे प्रसिद्ध विंचेस्टर बंदुकीचे नाव, म्हणून प्रकल्पप्रमुख केनेथ हॉटन यांनी तिला ‘विंचेस्टर’ म्हटले आणि पुढे हार्ड डिस्कच्या साऱ्या जातीलाच ते नाव चिकटले. तिची शीर्षे हलकी होती आणि वंगण दिलेल्या तबकडीवरच उतरत. शीर्षे व तबकड्या एकाच बंद पेटीत आल्याने धुळीचा त्रास कमी झाला. पुढे डिस्क घराघरांत पोहोचली ती या मार्गाने. १९८० साली सीगेट कंपनीची सव्वापाच इंची डिस्क आली. तिच्यात ५ मेगाबाइट मावत. चोवीस वर्षांपूर्वी ज्या मजकुराला एक टनाची चळत लागली होती, तो आता हातात धरता येईल अशा डब्यात आला होता. १९८३ मध्ये आयबीएमच्या ‘एक्सटी’ या वैयक्तिक संगणकात १० मेगाबाइटची डिस्क बसून आली.

लहान डिस्का स्वस्त झाल्या तेव्हा बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ साली एक शोधनिबंध मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त लहान डिस्का जोडाव्यात. मजकूर त्यांच्यावर वाटून टाकला की सर्व जणी एकदम वाचतील आणि प्रवाहवेग वाढेल. पण डिस्का वाढल्या की त्यांतली एखादी बिघडण्याचा संभवही त्या प्रमाणात वाढतो. म्हणून काही जागा जादा राखून तिच्यावर असा हिशेब ठेवावा, की एक डिस्क गेली तरी तिचा मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा घडवता येईल. ‘रेड’ या नावाने ही रचना आज सर्वत्र वापरली जाते. तिच्याविषयी एक गैरसमज मात्र फार पसरला आहे. रेड ही डिस्क बिघडल्यावरही काम चालू ठेवण्याची सोय आहे, जोडप्रत नव्हे. चुकून पुसलेले पान रेडमधल्या सर्व डिस्कांवरून एकाच क्षणी पुसले जाते.

नव्वदीच्या दशकात फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. सीगेटचीच उदाहरणे घेतली तर १९९२ मध्ये ७,२००, १९९६ मध्ये १०,००० आणि २००० साली १५,००० फेरे. याचा लाभ सोप्या त्रैराशिकाने कळतो. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये अर्ध्या फेऱ्याची वाट ५.६ मिलिसेकंद, ७,२०० ला ४.२ आणि १५,००० ला २. परंतु इतक्या वेगाने फिरणारी तबकडी मोठी असून चालत नाही. ती तापते, थरथरते, वीज खाते. म्हणून तिचा व्यास कमी करावा लागला आणि त्याबरोबर पोटही आखडले. २००० साली १५,००० फेऱ्यांची डिस्क १८ गिगाबाइटची होती. त्याच वर्षी ७,२०० फेऱ्यांच्या घरगुती डिस्का ७५ गिगाबाइटपर्यंत पोहोचल्या होत्या. १९७० ची दोन भावंडे तीस वर्षांनी नव्या वेषात पुन्हा समोर उभी राहिली. पुढे ही शर्यत थांबली. चपळाईचे काम ज्यात काही फिरतच नाही अशा एसएसडीने आपल्याकडे घेतले आणि १५,००० च्या पुढची डिस्क बाजारात आलीच नाही.

पोटाची वाढ मात्र थांबली नाही. अल्बेर फेर आणि पीटर ग्र्युनबर्ग यांनी १९८८ मध्ये चुंबकीय रोधाचा एक प्रचंड परिणाम स्वतंत्रपणे शोधला. त्यावर बेतलेली संवेदनशील शीर्षे आयबीएमने १९९७ मध्ये १६.८ गिगाबाइटच्या डिस्कमध्ये बसवली. २००७ साली या दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी हिताची कंपनीची १ टेराबाइटची पहिली डिस्क आली. २०१३ मध्ये पेटीत हवेऐवजी हेलियम भरून तबकड्यांची संख्या सातवर नेली गेली. २०२४ साली लेझरने क्षणभर तापवलेल्या बिंदूवर लिहिणाऱ्या ३० टेराबाइटच्या डिस्का जाहीर झाल्या.

आता दोन टोके शेजारी ठेवू. १९५६ चे रॅमॅक आणि आजची २० टेराबाइटची, ७,२०० फेऱ्यांची डिस्क. क्षमता वाढली सुमारे ४० लाख पट. प्रवाहवेग सेकंदाला ८,८०० अक्षरांवरून सुमारे २५ कोटी बाइटवर गेला. ही वाढ साधारण २८ हजार पट. शोधवेळ ६०० मिलिसेकंदांवरून सुमारे ८ वर आली. सुधारणा केवळ ७५ पट. आणि फेऱ्यांचा वेग वाढला फक्त सहा पट! पोट वाढले तशी चाल वाढलेली नाही. याचा परिणाम असा, की रॅमॅक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचायला साडेनऊ मिनिटे पुरत. २० टेराबाइटची डिस्क वाचायला पूर्ण वेगानेही २२ तास लागतात. प्रत्यक्षात आतल्या लहान ट्रॅकवर वेग उतरतो, म्हणून वेळ याहूनही अधिक जातो. रेडमधली अशी एक डिस्क बदलली, तर नवी भरून होईपर्यंत दिवस उलटतो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कांवर सारा भार असतो.

विखुरलेल्या कामाचा हिशेब तर अधिक बोलका आहे. ४ किलोबाइटच्या १०,००० लहान फाइली वेगवेगळ्या ठिकाणी पडल्या असतील, तर प्रत्येकीसाठी शोध आणि वाट मिळून १२ मिलिसेकंद, म्हणजे एकंदर दोन मिनिटे. तोच ४० मेगाबाइटचा मजकूर सलग असेल तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात वाचून होतो. डिस्क तीच, मजकूर तेवढाच. फरक केवळ कामाच्या जातीचा.

उत्पादकांनी हा भेद ओळखून रंगांची आणि नावांची लेबले लावली : साध्या कामासाठी एक, वेगासाठी दुसरे, चोवीस तास चालणाऱ्या सामायिक साठ्यासाठी तिसरे. पण लेबल वाचून थांबणे पुरेसे नाही, हे २०२० च्या एका प्रकरणाने दाखवले. जागा वाढवण्याची एक युक्ती म्हणजे ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणे. तिला एसएमआर म्हणतात. कौलारू छपरातले मधले एक कौल बदलायचे तर त्यावर चढलेली शेजारची उचलावी लागतात. तसेच येथेही मधला मजकूर बदलताना पुढचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. एकदा लिहून ठेवायच्या साठ्याला ही रचना चालते. सतत फेरलेखन होत असेल तर डिस्क रखडते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या सामायिक साठ्यासाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ लेबलाच्या काही डिस्का या कौलारू पद्धतीच्या आहेत, हे गिऱ्हाइकांना आधी सांगितलेले नव्हते. रेड रचनेत नवी डिस्क भरताना लोकांना अडचणी आल्या, ओरड झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये कंपनीने ते मान्य केले. पुढे जुन्या, न चढवलेल्या पद्धतीच्या, म्हणजे सीएमआर डिस्कांना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव मिळाले. इतर उत्पादकांच्या काही घरगुती डिस्कांबाबतही असेच उघड झाले.

हे सारे मनात घोळत असताना मी समितीपुढे आमच्याच कामाचा हिशेब मांडला. ए-फोर आकाराचे एक पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले, तर न दाबलेली प्रतिमा २६ मेगाबाइटची होते. तीनशे पानांचा ग्रंथ ७.८ गिगाबाइटचा, आणि हजार ग्रंथ ७.८ टेराबाइटचे. ८ टेराबाइट हे कंपनीचे दशमान माप असते. विंडोजच्या संगणकावर ते ७.२७ दिसते आणि गिऱ्हाईक फसल्यासारखे होते. ७.८ टेराबाइट हेही दशमानच, म्हणून मावायला ते मावतील. पण पुढच्या वर्षाला जागा उरणार नाही.

त्यानंतर कामाच्या तीन जाती वेगळ्या केल्या. रोजचे स्कॅनिंग आणि प्रतिमांची साफसफाई म्हणजे लहान लहान वाचन-लेखनाची झोड. तिथे १ टेराबाइटची एसएसडी पुरे, कारण काम संपलेले ग्रंथ तिच्यावर राहणारच नाहीत. वाचकांना संगणकावर ग्रंथ पाहता यावेत म्हणून वाचनालयात दोन डिस्कांची जोडी. एकीवर लिहिले तेच दुसरीवर. ती दिवसभर चालणार, म्हणून सामायिक साठ्यासाठी बनवलेल्या आणि सीएमआर असल्याची खात्री करून घेतलेल्या डिस्का. कायमच्या साठ्यासाठी मोठी, ५,४०० फेऱ्यांची, स्वस्त डिस्क. ती कौलारू असली तरी हरकत नाही, कारण तिच्यावर एकदाच लिहायचे आहे. अशा दोन घ्यायच्या. एक मंडळाच्या कपाटात, दुसरी दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा दोन्ही चालवून मजकूर शाबूत आहे की नाही हे पडताळायचे.

बैठकीत एक वयोवृद्ध सभासद बसले होते. त्यांच्या तरुणपणी त्यांनीच त्या हस्तलिखित वार्षिकांची कित्येक पाने बोरूने लिहिली होती. त्यांना टेराबाइटशी कर्तव्य नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “दुसरी प्रत दुसऱ्या घरात राहील ना?” राहील, असे मी सांगितले. “मग घ्या,” ते म्हणाले, आणि समितीने ठराव मंजूर केला. सोळा टेराबाइटची ती एकच मोठी डिस्क मात्र आम्ही घेतली नाही.